घरातला लेआउट आणि वऱ्हाडची तीन गेजे

खेळण्यातली आगगाडी आणि मॉडेल रेल्वे यांतील फरक प्रमाणाचा आहे. खेळण्यात चाके फिरली की काम भागते. मॉडेल रेल्वेत मात्र इंजिनापासून फलाटावरच्या बाकापर्यंत प्रत्येक वस्तू एकाच पटीने लहान केलेली असावी लागते, आणि अशा वस्तूंसह रूळ, सांधे, सिग्नल, गाव व शिवार एका पाटावर बसवून जी चालती रचना उभी राहते तिला लेआउट म्हणतात. जगात सर्वाधिक प्रचलित प्रमाण एचओ हे असून त्यात पाटावरचा १ मिमी म्हणजे प्रत्यक्षातले ८७ मिमी. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले, १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय याच प्रमाणाचे आहे, आणि महाराष्ट्रात या छंदाची ओळख करून घ्यायची तर तेथूनच सुरुवात करणे इष्ट. तथापि बाजारात तयार मिळणारी इंजिने, घरे आणि माणसे बहुतांशी युरोप-अमेरिकेच्या नमुन्यावरची असल्यामुळे वऱ्हाडातल्या घरातही सहसा आल्प्सचाच डोंगर उभा राहतो, आणि ही खेदाची गोष्ट आहे. कारण घरगुती लेआउटला वऱ्हाडाइतका सोयीचा मुलूख शोधूनही क्वचितच सापडेल.

उदाहरणादाखल नागपूर-अमरावती हमरस्त्यावरील तिवसा गाव घ्या. त्याला रेल्वे स्थानक नाही. तेथील माणूस गाडी धरायला चांदूर रेल्वेला किंवा बडनेऱ्याला जातो. परंतु तिवशाभोवतीचा प्रदेश रेल्वेच्या दृष्टीने विलक्षण संपन्न होता. दक्षिणेला मुंबई-नागपूर हा ब्रॉडगेज मुख्य मार्ग, पूर्वेला वर्धा नदीपलीकडे पुलगाव-आर्वी ही नॅरोगेज, पश्चिमेला मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर आणि दुसरीकडे अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर धावणारी, लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून जवळ केलेली दुसरी नॅरोगेज, आणि अकोल्याहून मेळघाट ओलांडून खांडव्याला जाणारी मीटरगेज, अशी तीन गेजे एवढ्या प्रदेशात नांदली.

गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर, आणि येथेच छंदाची पहिली अडचण उभी राहते. एचओचे तयार रूळ १६.५ मिमी अंतराचे असतात, कारण ते युरोपातील १४३५ मिमी गेजसाठी योजलेले आहेत. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी असल्याने तिचे एचओ प्रमाणातले खरे अंतर १९.३ मिमी भरते. म्हणजे तयार रुळांवर भारतीय गाडी ठेवली की तिच्या पायाखालची वाट जवळजवळ सातव्या हिश्श्याने आक्रसते. शकुंतलेच्या बाबतीत मात्र हिशेब अनपेक्षितपणे जुळतो. तिचे गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. त्याला ८७ ने भागले की ८.७६ मिमी येतात, आणि एन नावाच्या आणखी लहान प्रमाणासाठी ९ मिमी अंतराचे रूळ सर्वत्र तयार मिळतात. पाव मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना कळत नाही.

जागेचा प्रश्नही तितकाच निकडीचा आहे. आजची साडेसहाशे मीटर लांबीची मालगाडी एचओत साडेसात मीटर होते, म्हणजे सामान्य घरातल्या दोन खोल्या ती एकटीच अडवते. उलट एक इंजिन व चार-पाच छोटे डबे असलेली शकुंतला मीटरभरात मावते आणि एचओच्या मोठ्या गाडीला झेपणार नाहीत अशी अरुंद वळणे सहज घेते. तरीही मूर्तिजापूर-अचलपूर हे अंतर काटेकोर प्रमाणात मांडायचे झाल्यास सुमारे ८७० मीटर लांबीचा पाट लागेल. म्हणून दोन-तीन स्थानके निवडून मधला मुलूख गाळावा लागतो, आणि काय गाळले यावरूनच रचनाकाराची नजर कळते.

ज्याला डोंगराची हौस आहे त्याने धूळघाट पाहावा. मेळघाटातील या ठिकाणी चढ आटोक्यात ठेवण्यासाठी मीटरगेजचा मार्ग वेटोळे घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे नेलेला होता. घरात ४५७ मिमी त्रिज्येचे वर्तुळ घेतले तर त्याचा परीघ २.८७ मीटर होतो. शेकडा ३ चा चढ दिल्यास एका फेऱ्यात रूळ ८६ मिमी उंच जातात आणि खालून एचओची गाडी सुटण्यापुरती जागा मिळते. इंजिनाला हा चढ जड जातो, म्हणून डबे मोजकेच लावावेत.

पाटासाठी प्लायवूड आणि खाली चौकट हा रिवाज सर्वत्र एकच असला तरी वऱ्हाडी उन्हाळा त्यात स्वतःची भर घालतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा रूळ वाढतात खरे, पण त्याहून अधिक उपद्रव कूलरचा होतो. त्याच्या ओलाव्याने लाकूड फुगते, कूलर बंद झाला की ते पुन्हा आटते, आणि सांध्यांची जीभ, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी हलती पट्टी, अडकू लागते. म्हणून प्लायवूड सर्व बाजूंनी, कडांसकट, रंगवून घ्यावे आणि रुळांच्या जोडावर अर्ध्या मिलिमीटरची फट सोडावी. गाडीला लागणारी १२ व्होल्टची वीज रुळांतूनच चाकांत जाते, त्यामुळे रुळांवर धूळ बसली की इंजिन अडखळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले फडके अधूनमधून फिरवण्यास पर्याय नाही.

देखावा उभारताना खरी वस्तू नेहमी खरी दिसत नाही, हे कापसावरून कळते. मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर कापसाचा ढीग दाखवण्यासाठी कापूसच ठेवला तर त्याचे तंतू प्रमाणाबाहेर लांब असल्याने तो ढगासारखा दिसतो. त्याऐवजी पांढऱ्या स्पंजचा बारीक चुरा अधिक विश्वासार्ह ठरतो. रुळांखालच्या गिट्टीचा ६५ मिमीचा दगड ८७ पटींनी लहान केला की पाऊण मिलिमीटरचा होतो, तेव्हा खडी केंद्रावरची चुरी बारीक चाळणीतून गाळून घ्यावी, रुळांमध्ये ब्रशने पसरावी आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा थेंब मिसळून ते ड्रॉपरने सोडावे. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो व गोंद खड्यांवर न तरंगता आत झिरपतो. काळी माती तर शेतातूनच आणता येते, मात्र ओल्या गोंदावर ती आणखी काळी पडत असल्यामुळे वर राखाडी रंगाचा हलका हात द्यावा लागतो. आणि संत्र्याची बाग लावायचीच असेल, तर सात सेंटिमीटरच्या फळाला ०.८ मिमीचा दाणा हवा, म्हणजे मोहरी मोठी होते आणि खसखस बरोबर बसते.

लेआउट पूर्ण झाल्यावर गाडी नुसती गोल फिरवणाऱ्याचा उत्साह महिनाभरात ओसरतो, असा या छंदातल्या लोकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. वेळापत्रक लावून, डबे जोडत-सोडत गाडी चालवण्यात खरी करमणूक असते. मूर्तिजापूरला दोन गेजे भेटत असत, त्यामुळे लेआउटवरही नॅरोगेजच्या वाघिणीतला माल ब्रॉडगेजच्या वाघिणीत बदलावाच लागतो, आणि एवढ्या एका कारणाने शंटिंगला काम मिळते. अचलपूर हे शेवटचे स्थानक. तेथे इंजिन सोडून बाजूच्या रुळाने परत आणावे आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन घ्यायचे की १९९४ च्या एप्रिलात त्याच्या जागी आलेले डिझेल, हे ठरले की लेआउटचा काळही ठरतो. मुख्य मार्गाचा लेआउट नीट चालवायला तीन-चार माणसे लागतात. शकुंतलेवर इंजिन सोडणे, सिग्नल देणे, तिकिटे विकणे ही कामे गाडीबरोबरची मोजकी माणसेच उरकत असत, त्यामुळे तिचा लेआउट एकट्या माणसाने चालवला तरी मूळ कारभाराला धरूनच होतो.