चकमकीच्या वाटेवर शेवटचा मुक्काम

त्या जंगलात मला पहिल्यांदा थक्क केलं ते फ्रिजनं. खाली निळी ज्योत जळत होती आणि वर दही गार राहत होतं.

मिनेसोटा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, लेक सुपीरियरच्या काठावर, ग्रँड मरे नावाचं एक छोटं बंदराचं गाव आहे. तिथून गनफ्लिंट ट्रेल हा रस्ता निघतो आणि सुमारे ९२ किलोमीटर जंगल चिरत जाऊन थांबतो. त्याच्यापुढे नुसती तळी, आणि तळ्यांपलीकडे कॅनडा. रस्ता संपतो तिथल्या वनखात्याच्या कॅम्पग्राउंडचं नावही सरळ आहे : ट्रेल्स एंड. भाचा आणि त्याची बायको मला त्यांच्या आरव्हीतून तिथे घेऊन गेले. जून महिना होता.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. पलंग, शेगडी, मोरी, संडास, आणि पोटात तीन टाक्या : एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची, एक मैल्याची. शहराजवळच्या तळांवर वीज आणि पाणी गाडीला जोडून घेता येतं. रानात तसं नसतं. जे बरोबर आणलं, त्यातच भागवायचं.

जागेवर पोचताच भाच्यानं चाकांखाली लाकडी फळ्या सरकवायला सुरुवात केली. गाडी पुढे घे, मागे घे, पातळी बघ, असं बराच वेळ चाललं. मी म्हटलं, अरे, झोपायला थोडा उतार चालेल की मला. तो म्हणाला, ‘‘मावशी, तुझ्यासाठी नाही गं, फ्रिजसाठी. गाडी कलती राहिली तर तो बिघडतो.’’

१९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हा फ्रिज शोधला. त्यात ना मोटर, ना पंखा, ना हलणारा एकही भाग. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एवढंच असतं. ज्योतीनं अमोनियाचं पाणी तापतं आणि अमोनिया वाफ होऊन वर जातो. वर तो निवून द्रव होतो आणि हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरतो. तिथे त्याच्या स्वतःच्या वाफेचा दाब फारच कमी असल्यामुळे तो लगेच उडू लागतो, आणि उडताना आसपासची उष्णता शोषून घेतो. तेवढाच आपल्या दह्याचा गारवा. मग पाणी त्याला पुन्हा सामावून घेतं आणि फेरा नव्यानं सुरू होतो. हे सगळं द्रवाच्या स्वतःच्या वजनानं वाहतं, म्हणून नळ्यांचा उतार नेमका हवा. विस्तवाकडून गारवा मिळवायचा, हे कितीही समजलं तरी माझं नवल काही ओसरलं नाही.

संध्याकाळी नऊ वाजले तरी उजेड होता. डासांनी उच्छाद मांडला होता, तो मी एका वाक्यात संपवते. मग अंधारलं, तळ्यावरचा वारा पडला आणि पाण्यावरून एक लांबच लांब आर्त साद आली. कुणी हाक मारावी आणि शेवटचा स्वर उंचावून तसाच सोडून द्यावा, तशी. मी उठून उभीच राहिले.

तो लून होता, मिनेसोटाचा राज्यपक्षी. काळंपांढरं अंग, लाल डोळे. बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ असतात; लूनची बरीचशी भरीव असतात, त्यामुळे तो पाण्यात सहज बुडी मारतो. पाय इतके मागे की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही, आणि उडायचं तर पाण्यावरून लांबवर पळत जावं लागतं. ती आर्त साद म्हणजे जोडीदाराला ‘कुठे आहेस’ असं विचारणं. घाबरला की तो थरथरत्या, वेड्या हसण्यासारखा आवाज काढतो. आणि तिसरी एक चढती-उतरती ललकारी फक्त नर देतो : हे तळं माझं आहे. प्रत्येक नराची ललकारी वेगळी असते. विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांना तर असं आढळलं की नर एक तळं सोडून दुसऱ्यावर हक्क सांगायला गेला की तो आपली ललकारीच बदलतो. नव्या घराबरोबर नवं नाव घ्यावं, तसं.

आवाज पलीकडच्या काठाचा होता, पण वाटत होता हातभर अंतरावरून आल्यासारखा. ते त्या हवेचं काम. रात्री पाण्यालगतची हवा गार होते आणि तिच्यावर ऊबदार थर राहतो. ऊबदार हवेत ध्वनी जास्त वेगानं जातो, म्हणून वर निघालेली ध्वनिलहर पुढे झुकते आणि पुन्हा खाली वळते. खाली निश्चल पाणी तिला परत वर टाकतं. एरवी आभाळात विरून गेला असता तो आवाज या दोन थरांमध्ये अडकून तळ्यावरून सरपटत येतो. त्या रात्री पलीकडे कुणीतरी होडीत वल्हं ठेवलं, तेही मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी रानात हिंडताना पायाशी जॅक पाइनचं शंकूफळ सापडलं. गच्च मिटलेलं, राळेनं सांधलेलं, नखानं उचकटता येईना. भाच्याची बायको म्हणाली, हे विस्तवाशिवाय उघडत नाही. अशी फळं झाडावर वर्षानुवर्षं मिटून बसतात. वणवा लागला की राळ वितळते, खवले उलगडतात आणि बिया गरम राखेवर पडतात. तिथे सावली धरायला कुणी मोठं झाड उरलेलं नसतं. सगळं ऊन त्या रोपांचं.

आमच्या भोवतीचं पुष्कळसं रान एकाच वयाचं दिसत होतं, त्यामागची गोष्ट मात्र सुखाची नाही. ४ जुलै १९९९ रोजी इथे प्रचंड वादळ झालं आणि जवळपास पावणेपाच लाख एकर वनातली झाडं आडवी झाली. ती वाळत पडली. मग ५ मे २००७ रोजी हॅम लेकजवळ एका शेकोटीतून वणवा पेटला. अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे ७५ हजार एकर जंगल जळालं, लोकांची घरं गेली. ज्यांची घरं गेली त्यांच्यासमोर या वणव्याचे गुण गायची माझी हिंमत होणार नाही. पण त्यानं एक गोष्ट उघडी केली, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आग विझल्यावर गनफ्लिंट तळ्याजवळच्या खडकांवरचं शेवाळ आणि पालापाचोळा नाहीसा झाला होता. मिनेसोटा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मार्क जिर्सा तिथे खडकांची पाहणी करत होते. त्यांना एक विलक्षण थर दिसला : फुटलेल्या, उलथ्यापालथ्या झालेल्या दगडांचा खच आणि त्यात गारांसारखे गोल दगडी मणी. १८५ कोटी वर्षांपूर्वी, तिथून सुमारे साडेसातशे किलोमीटरवर, आजच्या कॅनडातल्या सडबरीला एक अशनी आदळला होता. त्या दिवसाची ही नोंद होती.

आपलं लोणारही अशनीनंच घडवलेलं. त्याचा व्यास पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. सडबरीचं मूळ विवर शंभराहून जास्त किलोमीटर रुंद होतं. थराच्या रचनेवरून घटनांचा क्रमही लावता येतो. आधी काही मिनिटांत भूकंप आला आणि समुद्रतळाचे थर तडकले. मग आकाशातून राख आणि ते मणी बरसले. उडालेल्या धुळीच्या ढगात, पावसाळी ढगात गार वाढावी तसे ते थरावर थर चढत वाढले होते. स्फोटाचा दणका हवेतून पोचायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला असणार. तळ्यावरून आलेली लूनची साद आठवली आणि हा हिशेब मी बोटांवर पुन्हा एकदा केला.

या थराच्या खाली जो खडक आहे त्यानं या साऱ्या मुलखाला नाव दिलं. गनफ्लिंट म्हणजे बंदुकीची चकमक. जुन्या बंदुकीचा घोडा पडला की पोलादावर ठिणगी पाडणारा तो कठीण, काचेसारखा फुटणारा दगड इथे मिळे. १९५३ साली भूवैज्ञानिक स्टॅन्ली टायलर यांनी ओंटारिओच्या बाजूला याच खडकाचे तुकडे गोळा केले. त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर आत धागे होते, गोळे होते : सुमारे १८८ कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्मजीव, गारगोटीत जसेच्या तसे जपलेले. पुढच्या वर्षी त्यांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एल्सो बारघूर्न यांनी ते जगासमोर मांडले. इतक्या जुन्या जीवसृष्टीचा असा पुरावा तोवर हाती नव्हता. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा; त्याच्यापुढेही हे जीव सुमारे एकोणतीस पटींनी जुने.

त्यांतले काही सायनोबॅक्टेरियासारखे दिसतात, आणि याच कुळानं पृथ्वीच्या हवेत प्राणवायू आणला. ते जगत होते तेव्हा जमिनीवर झाड सोडाच, गवताची काडीही नव्हती. जळायला काही नव्हतं, म्हणून वणवा ही गोष्टच नव्हती. पुढे रानं आली आणि या कुळाच्या प्राणवायूवर विस्तव जळू लागला. आणि त्या विस्तवासाठी ठिणगी पाडायला माणसानं उचलला तो दगड त्यांनाच पोटात जपणारा.

शेवटच्या रात्री शेकोटीपाशी बसून आम्ही हेच बोलत होतो. लाकूड तिथलंच, विकत घेतलेलं. दुसरीकडचं आणायला बंदी आहे, कारण जळणातून झाडं पोखरणारे किडे गावोगाव पोचतात. अकरा वाजता भाचा बादली घेऊन तळ्यावर गेला. तिथलं पाणी तळ्यातळ्यांतून उत्तरेकडे वाहत हडसनच्या उपसागराला मिळतं. त्यातलं बादलीभर त्यानं निखाऱ्यांवर ओतलं. काठीनं राख ढवळली, पुन्हा ओतलं. मग गुडघ्यावर बसून हाताची पालथी बाजू राखेजवळ नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

‘‘अजून एक बादली,’’ तो म्हणाला, आणि उठला.