टाकीतलं प्रवाळ: काय पाळावं, कशाला हात लावू नये

किनाऱ्यावरच्या गटांकडून आम्हाला सध्या एकच प्रश्न येतोय. शहरात लोक घरी समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी ठेवतात, त्यात रंगीत प्रवाळ वाढवतात आणि त्यासाठी पैसेही मोजतात. समुद्र तर आपल्या दारात आहे. मग गटाने हे काम का धरू नये? प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते बघू. ते झाड नव्हे आणि दगडही नव्हे, तो प्राणी आहे. डाळीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान असे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात. प्रत्येकाला तोंड असतं, तोंडाभोवती बोटांसारखे धागे असतात. काही जाती स्वतःखाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात, ती कठीण प्रवाळं. काही तसा सांगाडा बांधत नाहीत, ती मऊ प्रवाळं. टाकीत पाळतात त्यांतल्या बहुतेकांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला देतं. म्हणून अशा टाकीवर खास दिवा लागतो. पाणी जास्त दिवस तापलेलं राहिलं तर शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरंफटक होतं.

आता कायद्याचं. हे नीट ऐका, कारण इथे गट अडचणीत येऊ शकतो. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ आणि पंख्यासारखं जाळीदार समुद्रपंखा प्रवाळ यांना २००१ पासून त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. म्हणजे वाघाच्या पंगतीत. ते काढणं, विकणं गुन्हा आहे, मग तुकडा मेलेला का असेना. शिक्षा किमान तीन वर्षं कैदेची. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, तिथे तर कोणतंही प्रवाळ उचलायचा प्रश्नच येत नाही. कोणी व्यापारी येऊन म्हणाला, "ताई, जाळ्यात आलेले तुकडे बाजूला ठेवा, मी घेऊन जातो," तर सरळ नाही म्हणा. तो जाईल निघून, सापडाल तुम्ही.

याच बोलण्यात इंद्रजालाचंही सांगून टाकतो. नजर लागू नये म्हणून काळसर जाळीदार फांदी चौकटीत बसवून दारावर लावतात, बाजारात ती वनस्पती म्हणून विकतात. ती वनस्पती नाही. ते समुद्रपंखा नाहीतर काळं प्रवाळच असतं, आणि त्याला हाच कायदा लागू होतो.

मग हौशी माणूस टाकीत पाळतो ते काय? जाणकार लोक नवशिक्याला मऊ जातीच सुचवतात, आणि त्याही समुद्रातून काढलेल्या नव्हे, तर दुसऱ्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा कापून लावलेला तुकडा. आपण जास्वंदीची फांदी लावतो तसंच. अळंबीसारखी चपटी, गोल जात सगळ्यात सोशिक. तिला उजेड कमी चालतो, पाण्याचा जोरही कमी लागतो. दुसरं चामडी प्रवाळ, दिसायला जाड छत्रीसारखं. ते मधूनच काही दिवस मिटून बसतं, वरची पातळ कात टाकतं आणि पुन्हा उमलतं. नवीन माणूस घाबरून ते मेलं समजतो आणि फेकून देतो. तिसरं झेनिया. ते मुठी उघडझाप केल्यासारखं सारखं हलतं, बघायला फार गोड, पण पसरतं इतकं की शेजाऱ्याला जागा ठेवत नाही. आणि चौथं बटणासारखं, झोअँथिड म्हणतात त्याला. ते टिकाऊ आहे, रंग सुंदर आहेत, पण त्याच्या काही जातींत फार जहरी विष असतं. हाताला जखम असताना त्याला हात लावायचा नाही, हातमोजे घालायचे आणि तो दगड कधीही गरम पाण्यात टाकायचा नाही, कारण वाफेतून विष अंगात जातं. घरात लहान मूल असेल तर आमच्या मते ही जात नकोच. फांद्याफांद्यांची अ‍ॅक्रोपोरा ही जात फोटोत सगळ्यात देखणी दिसते, पण पाण्यातला चुना जरा वरखाली झाला की मरते. शिवाय ती कठीण प्रवाळात मोडते.

परदेशातून आलेला तुकडा असेल तर विकणाऱ्याकडे आयातीचे कागद आणि बिल मागा. नुसतं "फार्मचं आहे" म्हटल्याने भागत नाही.

टाकीचा व्यापही समजून घ्या. शंभर लिटर पाण्याला साधारण साडेतीन किलो खास मीठ लागतं, स्वयंपाकाचं चालत नाही. पाणी आटलं की भर गोड्या पाण्याची घालायची, कारण वाफ होऊन पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. टाकी भरली की चार ते सहा आठवडे प्रवाळ सोडायचं नाही. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्या काळात तयार होतात. पाण्याचं तापमान २५-२६ अंशांच्या आसपास हवं आणि पंप दिवसरात्र चालू हवा. आपल्याकडे मे महिन्यातला उकाडा आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस जाणारी वीज बघता हा गटाचा धंदा नाही, असं आम्ही स्पष्टच सांगतो.

मग काय धरावं? शोभिवंत मासे. गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात, साधारण महिन्याला एक वेत. पिल्लांना आईपासून लगेच वेगळं करायचं, नाहीतर तीच खाते. सिमेंटच्या टाक्यांत, विहिरीच्या पाण्यावर हे काम होतं. त्यात हात बसला की मग खाऱ्या पाण्यातला क्लाउनफिश. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास टाकीत करून दाखवली आहे, म्हणजे समुद्रातून मासा पकडायची गरज नाही. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोकडून प्रशिक्षण घेऊन बायका शोभिवंत कोळंबी वाढवतायत. आपल्याकडे कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेतही शोभिवंत मासे येतात. अर्ज करायच्या आधी गटाचा ठराव, बँकेचं पासबुक आणि टाक्या बांधायच्या जागेचा कागद तयार ठेवा.

आणि होडीवरच्या घरच्या माणसांना एवढं सांगा: जाळ्यात जिवंत प्रवाळ आलं तर बंदरापर्यंत आणू नका. जाळं हलक्या हाताने सोडवा आणि ते तिथल्या तिथे पाण्यात सोडा.