एका सेकंदाचा घोट, वर्षभराचा शब्द

गळ्यावर कंठमण्यापाशी हलकेच बोट टेकवा आणि पाण्याचा एक घोट गिळा. बोटाखालून काहीतरी झटकन वर सरकतं आणि परत जागेवर येतं. तेवढ्यात कितीतरी गोष्टी होऊन जातात. श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, त्यांच्यावरची झडप झुकते आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घशातून पाणी पार व्हायला जेमतेम एक सेकंद लागतो. हवेची आणि अन्नाची वाट या जागी एकमेकींना छेदते, तरी दिवसाकाठी शेकडो वेळा गिळूनही आपल्याला ठसका क्वचितच लागतो. आणि श्वासनलिकेची राखण करणारे हेच स्वरतंतू आपला आवाजही घडवतात. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा कंप पावतात, तर स्त्रियांचे दोनशेच्या आसपास.

या साऱ्या यंत्रणेची जबाबदारी स्पीच थेरपिस्टकडे असते. बारावी सायन्सनंतर चार वर्षांचा बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी) अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. इथपर्यंत सगळ्यांची वाट एकच. पुढे मात्र कामाची जागा बदलली की काळाचं मापच बदलतं.

नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात ते सेकंदांचं असतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गर्भावस्थेच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेलं बाळ दुधासाठी अनेकदा नळीवर असतं. थेरपिस्ट त्याचे गाल, ओठ, हिरड्या स्वच्छ बोटाने हळुवार चेतवते, बाळाला कुशीवर धरायला आईला शिकवते आणि बघत राहते: ओठ निळसर पडतायत का? श्वास अडतोय का? दूध ओघळतंय का? बाळ दमलं की थांबायचं. त्या दिवशी चार मिलिलिटर दूध नीट पोटात गेलं, तर दिवस सार्थकी लागला.

पक्षाघाताच्या रुग्णांच्या वॉर्डात पहिला प्रश्न बोलण्याचा नसतो, गिळण्याचा असतो. रुग्णाला चमचाभर पाणी द्यायचं आणि मग ‘आ’ म्हणायला सांगायचं. आवाज ओलसर, घरघरता आला तर पाणी स्वरतंतूंपाशी रेंगाळलं असण्याची शंका घ्यायची. काहींच्या बाबतीत अन्न श्वासनलिकेत उतरतं तरी खोकलाही येत नाही. अशा वेळी बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांच्या चित्रफितीत त्याचा प्रवास पाहतात.

वाचेचं काम त्याच्याच जोडीने चालतं. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१मध्ये एका रुग्णाची नोंद केली. समोरच्याचं बोलणं त्याला कळायचं, पण स्वतःच्या तोंडून जवळजवळ एकच अक्षर निघायचं: ‘टां’. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. अशा रुग्णांच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट दिसते. स्वतःच्या मुलाचं नाव ओठांवर येत नाही, पण पाठ असलेली गणपतीची आरती काहीजण सुरात म्हणू शकतात. याच धाग्यावर १९७३मध्ये सुरावटीतून वाक्यं शिकवण्याची पद्धत मांडली गेली. इथली प्रगती आठवड्यांनी आणि महिन्यांनी मोजायची.

कर्करोग रुग्णालयात तर आवाजच नव्याने घडवायचा असतो. स्वरयंत्र पूर्ण काढलं की श्वास गळ्यावरच्या छिद्रातून चालतो आणि नेहमीचा आवाज जातो. मग श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी एकमार्गी झडप बसवता येते. सिंगर आणि ब्लॉम यांनी १९८०मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. अंगठ्याने छिद्र बंद करून श्वास सोडला की हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते, तिथल्या स्नायूंची भिंत थरथरते आणि जीभ-ओठ त्या थरथरीचे शब्द करतात. गिळण्यासाठी असलेली नळी बोलू लागते!

शाळेत, खासगी क्लिनिकमध्ये किंवा जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसी (लहान मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या) केंद्रात काळ सगळ्यात संथ चालतो. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणारं मूल घ्या. ‘क’साठी जिभेची मागची बाजू उचलायला हवी, पण तिचं टोकच पुढे धावतं. थेरपिस्ट ते टोक चपट्या पट्टीने खाली दाबून धरते, मागची बाजू आपोआप वर जाते आणि एकदाचा ‘क’ फुटतो. तो सुटा ‘क’ शब्दात, वाक्यात आणि मग खेळताना, भांडताना रुळायला कित्येक महिने जातात. कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलाला तर आधी ऐकायलाच शिकवावं लागतं. आज केलेल्या कामाचं फळ पुढच्या दिवाळीला दिसतं आणि त्यात आई-वडील व शिक्षकांचा वाटा थेरपिस्टइतकाच असतो.

हे क्षेत्र निवडू पाहणारी मुलं पगार, वेळा, बदल्या यांची चौकशी करतात. ती करायलाच हवी. पण रुग्णालयात रुग्ण सुधारला की घरी जातो, पुढची कहाणी अनेकदा कळतही नाही. शाळेत तेच मूल वर्षानुवर्षं समोर वाढतं, पण पुढचं पाऊल दिसायला वाट पाहावी लागते. तेव्हा इंटर्नशिपच्या वर्षात प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा: फळ किती दिवसांनी दिसलं तर माझा हुरूप टिकतो? माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर पगाराच्या आकड्याइतकंच मोलाचं आहे, कारण रोज कामावर जायचं बळ त्यातूनच मिळतं.