'पासवर्ड' आणि 'सीक्रेट' : स्विचच्या आज्ञाभाषेतील दोन शब्द

एकाच वास्तूतील अनेक संगणक परस्परांस जोडणारे 'स्विच' नावाचे यंत्र कार्यालयाच्या वा ग्रंथालयाच्या एखाद्या कपाटात निमूटपणे काम करीत असते. त्याच्या व्यवस्थेत ज्यास शिरकाव मिळतो त्यास कोणाचीही जोडणी तोडता येते. एवढेच नव्हे, तर तिच्यातून वाहणाऱ्या मजकुराची प्रत अन्यत्र वळविता येते. म्हणून या प्रवेशावर परवलीचा शब्द बसविणे अगत्याचे असते.

सिस्को कंपनीच्या स्विचमध्ये अशी दारे मुख्यतः तीन. थेट तार जोडून उघडते ते 'कन्सोल'. जाळ्यामार्गे दुरून येणाऱ्यांसाठी 'व्हीटीवाय' या वाटा असतात. तेथे टेलनेट वापरल्यास शब्द तारेवरून उघडाच प्रवास करतो, म्हणून एसएसएच हवे. तिसरे दार 'इनेबल'. केवळ पाहण्याच्या पायरीवरून बदल करण्याच्या अधिकाराकडे ते नेते, आणि भाषाभ्यासकाने थबकावे असे स्थळ हेच.

या दारासाठी आज्ञा दोन : 'इनेबल पासवर्ड' व 'इनेबल सीक्रेट'. सामान्य व्यवहारात हे शब्द जवळजवळ समानार्थी होत. यंत्राच्या भाषेत त्यांत मूलभूत भेद आहे. पहिल्या आज्ञेने शब्द यंत्राच्या नोंदीत जसाच्या तसा लिहिला जातो. 'सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन' ही आणखी एक आज्ञा दिली की तो अगम्य अंकाक्षरांत दिसू लागतो आणि व्यवस्थापक निश्चिंत होतो. परंतु ही 'प्रकार ७' म्हणून ओळखली जाणारी कूटलिपी व्हिजनेरच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, वस्तुतः बेलासो याने १५५३ मध्ये वर्णिलेल्या, पद्धतीच्या कुळातील आहे. तशा लिपी उलगडण्याची रीत कासिस्कीने १८६३ मध्येच छापली होती. येथे तर तेवढ्याही श्रमाची गरज नाही, कारण किल्ली सर्व यंत्रांत एकच असून ती सर्वश्रुत आहे. खांद्यावरून डोकावणाऱ्यापुरता हा पडदा. त्यास 'एन्क्रिप्शन' म्हणणे ही अतिशयोक्तीच.

'सीक्रेट' मात्र शब्द साठवीतच नाही. शब्दावर गणिती संस्कार करून जे रूप उरते तेवढेच नोंदीत राहते. प्रवेशेच्छूच्या शब्दावर तोच संस्कार होतो आणि दोन रूपे ताडून पाहिली जातात. रूपावरून शब्दाकडे परतीची वाट नाही. तर्काने एकेक शब्द लावून पाहणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो लांबावा म्हणून संस्काराची अनेक आवर्तने करावयाची असतात. 'प्रकार ४' मध्ये सहस्र आवर्तने योजिली असता प्रत्यक्षात एकच झाली, शब्दागणिक मिसळावयाचा यादृच्छिक अंशही राहून गेला, हे २०१३ मध्ये उघडकीस आले. नवा प्रकार जुन्या 'प्रकार ५' हूनही दुबळा निघाला! पुढे ८ व ९ हे प्रकार आले.

दोन्ही आज्ञा दिल्या असतील तर यंत्र 'सीक्रेट' मानते. तथापि निरुपयोगी झालेला जुना 'पासवर्ड' नोंदीत तसाच पडून राहतो, आणि तोच शब्द इतरत्र वापरला असेल तर वाचणाऱ्याचे आयतेच फावते. तो काढून टाकणेच इष्ट. शिवाय अनेक कॅटॅलिस्ट स्विचांत वीज सुरू करताना 'मोड' ही कळ दाबून धरली की सर्व शब्दांना वळसा घालता येतो. विसरभोळ्या व्यवस्थापकासाठी ठेवलेली ही सोय असल्याने यंत्राच्या कपाटाला कुलूपही लागतेच.