झिंग्याला लस का चालत नाही? बीज घेण्याआधी हे समजून घ्या

झिंगापालनाच्या व्हिडिओखाली भंडारा-गोंदियातून सारखा एकच प्रश्न येतोय, "सर, झिंग्याला रोगाची लस असते का?" सरळ उत्तर : आपल्यासारखी लस त्याला लागू पडत नाही. का, ते बघू.

आपल्या शरीरात अँटिबॉडी बनतात, एकदा आलेला रोग शरीर ओळखून ठेवतं. झिंग्यात अँटिबॉडीच नसतात. त्याचा भरवसा जीन्स वेळेवर चालू-बंद होण्यावर. आपल्या जरीपटक्यातल्या दुकानाचंच घ्या. सगळे काउंटर रोज उघडे ठेवले तर नफा पगारातच जाईल, म्हणून आपण गर्दी पाहून काउंटर उघडतो. झिंगाही विषाणू शिरला की संरक्षणाचे बरेच जीन्स जोरात चालवतो. एरवी ती ताकद वाढीला लागते.

त्याचं एक मोठं हत्यार म्हणजे आरएनए इंटरफेरन्स. विषाणू वाढताना दुहेरी आरएनए तयार होतो. डायसर नावाचं प्रथिन त्याचे बारीक तुकडे करतं. मग अर्गोनॉट हे दुसरं प्रथिन तो तुकडा नमुना म्हणून धरून विषाणूचा बाकीचा आरएनए शोधून कापतं. ह्या यंत्रणेच्या शोधाला २००६ चं नोबेल मिळालं. पण नोडाव्हायरसही कच्चा नाही. त्याचं बी-टू प्रथिन हेच हत्यार बोथट करतं.

गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याला ह्याच विषाणूमुळे पांढऱ्या शेपटीचा रोग होतो. शेपटी दुधाळ दिसते आणि लहान पिल्लं आठवडाभरात जवळपास सगळी जाऊ शकतात. मोठे झिंगे धडधाकट दिसतात, पण विषाणू पुढच्या पिल्लांत देतात.

आता धंद्याचं बोलू. समजा १०,००० पिल्लं घेतली. ३ रुपयांऐवजी २ रुपयांचं बीज घेतलं, १०,००० वाचले. रोग निघाला तर २०,००० गेले, वर तलावाचा हंगामही गेला. म्हणून :

१. बीज घेताना नोडाव्हायरसचा पीसीआर रिपोर्ट मागा. डोळ्यांनी बघून कळत नाही.
२. पिल्लं एकदम तलावात ओतू नका. आधी पिशवी पाण्यावर ठेवून तापमान जुळू द्या.
३. ऑक्सिजन आणि अमोनिया तपासत राहा. त्रासलेल्या झिंग्याचा बचाव ढिला पडतो.

दुहेरी आरएनए देऊन विषाणू दाबायचे प्रयोग प्रयोगशाळेत झालेत. पण कोणी "गॅरंटीची लस" म्हणून बाटली विकायला आला, तर आधी त्यालाच विचारा, अँटिबॉडी नसलेल्या जिवात ती काम कशी करते? उत्तर नसेल तर पैसे खिशातच राहू द्या.