मीटरला पांढरं कळत नाही

ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढत होती त्या दिवशी माझी भाची पहिल्यांदाच नवा कॅमेरा घेऊन वारीला गेली. कॅनन १५०० डी, सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स, आणि मोड डायल हिरव्या ऑटोवर. संध्याकाळी घरी येऊन तिनं तीनशेच्या वर फोटो माझ्यासमोर ठेवले. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, पांढरी धोतरं, सगळं मळक्या राखाडी रंगाचं दिसत होतं. मागे पावसाळी आभाळ, आणि पुढे चेहरे काळवंडलेले. "मामा, मोबाइलवर याहून बरे आलेत. कॅमेऱ्यात काही बिघाड आहे का?" ती म्हणाली.

बिघाड काहीच नव्हता. मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, चेहरा ओळखून उजळ करतो, आभाळ वेगळं आवरतो. म्हणजे निर्णय तो घेतो. साधा डीएसएलआर एकच फ्रेम घेतो आणि बरेचसे निर्णय तुमच्यासाठी सोडून देतो. ऑटोवर ठेवला तर ते निर्णय तो अंदाजानं घेतो, आणि तो अंदाज कुठं चुकतो हे आधीच ठरलेलं असतं. चूक ठरलेली असते म्हणूनच ती सुधारता येते. माझ्या मते नव्या माणसानं कॅमेऱ्याची पहिली ओळख इथूनच करून घ्यावी. बाकीची बटणं नंतर.

कॅमेऱ्यातलं मीटर समोरच्या वस्तूंवरून परत येणारा उजेड मोजतं. कॅननच्या या मॉडेलमध्ये त्यासाठी फ्रेमचे ६३ विभाग केलेले आहेत, म्हणजे मोजणी ढोबळ नाही. पण मोजलेला आकडा वाचायचा कसा, तिथं अडचण आहे. उजेड पुष्कळ आला तर दोन शक्यता असतात: ऊन कडक आहे, किंवा वस्तूच पांढरी आहे. मीटरला या दोन्हींतला फरक कळत नाही. ते असं धरून चालतं की जगातलं बहुतेक दृश्य सरासरीनं मधल्या राखाडीइतकं उजळ असतं. रस्ता, झाडं, विटांची भिंत, गव्हाळ चेहरा, यांच्या मिश्रणाला हा हिशेब बरोबर लागू पडतो. पण फ्रेमभर पांढरे सदरे आले की मीटर म्हणतं, उजेड फार झाला, कमी करा. मग पांढऱ्याचं राखाडी होतं. उलट, एखादा मेंढपाळ काळी घोंगडी पांघरून समोर उभा राहिला की मीटरला वाटतं अंधार आहे. ते उजेड वाढवतं, घोंगडी विटकी दिसते आणि चेहऱ्यावरचा उजेड भडक होतो.

यावरचा उपाय एका बटणाचा आहे. कॅननवर मागच्या बाजूला ‘एव्ही’ आणि अधिक-उणे असं लिहिलेलं बटण असतं. निकॉन डी ३५०० वर अधिक-उण्याचं बटण शटरच्या जवळच असतं. ते दाबून धरायचं आणि चाक फिरवायचं. यालाच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. फ्रेममध्ये पांढरं जास्त असेल तर अधिक १, काळं जास्त असेल तर उणे १. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. ऐकायला उलटं वाटतं, पण मीटरनं जे उलटं केलं तेच आपण सरळ करत असतो. अधिक १ म्हणजे मीटरनं सांगितलं त्याच्या दुप्पट उजेड, उणे १ म्हणजे निम्मा. धुक्यातला राजगड, समुद्रावरची फेसाळ लाट, पांढऱ्या रांगोळीनं भरलेलं अंगण, या सगळ्यांना अधिक लागतं. देवघरातला अंधार, भिजलेला काळा कातळ, म्हैस, यांना उणे. हिरव्या ऑटोमध्ये हे बटण चालत नाही, म्हणून त्या खुणेवरून डायल हलवायलाच हवा.

हलवून कुठं न्यायचा? कॅननवर ‘एव्ही’, निकॉनवर ‘ए’. दोन्हींचा अर्थ एकच: अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवा, शटरचा वेग कॅमेरा बघेल. पूर्ण मॅन्युअलवर शिकल्याशिवाय फोटोग्राफी येत नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. चालत्या दिंडीत उजेड क्षणाक्षणाला बदलतो. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ हे तीन आकडे एकदम सांभाळणाऱ्या नव्या माणसाचं लक्ष समोरच्या माणसाकडे राहतच नाही. एक आकडा हातात ठेवा आणि दुसरा बदलताना बघत राहा, एवढं पुरतं.

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं भोक. त्याचा आकडा उलटा चालतो, कारण तो भागाकार आहे: लेन्सच्या फोकल लेंथला भोकाच्या व्यासानं भागायचं. ५० मिलिमीटरवर भोक २५ मिलिमीटरचं असेल तर एफ २. भोक लहान तर आकडा मोठा. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमात प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. किट लेन्स १८ वर असताना ३.५ पर्यंत उघडते, ५५ वर फक्त ५.६ पर्यंत.

लोक मग म्हणतात की मागचं पुसट करणं किट लेन्सला जमत नाही, महागडी लेन्स हवी. आधी हा हिशेब बघा. माणूस ५ फुटांवर बसलाय. लेन्स १८ वर आणि अ‍ॅपर्चर ५.६ असेल तर जवळजवळ २ मीटर खोलीतलं सगळं स्पष्ट येतं. तीच लेन्स, तेच ५.६, तेच अंतर, फक्त झूम ५५ वर नेला, तर स्पष्ट पट्टा उरतो सुमारे १५ सेंटिमीटरचा: नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत, बस. म्हणजे झूम पूर्ण पुढे न्यायचा, अ‍ॅपर्चर असेल तेवढं उघडायचं, माणसाजवळ जायचं आणि त्याला भिंतीपासून आठ-दहा फूट पुढे बसवायचं. भिंत आपोआप विरघळते. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त काम करते आणि बहुतेक जण तीच विसरतात. पाहुण्यांना भिंतीला टेकवून उभं करायची आपली जुनी सवय आहे. चेहऱ्यासाठी ५५ घ्यायचं आणखी एक कारण: १८ वर चेहरा फ्रेमभर हवा तर फार जवळ जावं लागतं, आणि इतक्या जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात.

उलट घाटातल्या त्या नागमोडी दिंडीसाठी १८ आणि एफ ८. पुढच्या पताकेपासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं धारदार येतं. किट लेन्स ८ च्या आसपास सगळ्यात चांगली चालते. १६ च्या पुढे नेली तर भोक इतकं बारीक होतं की उजेड कडांवरून पसरतो आणि चित्र पुन्हा मऊ पडतं.

शटरकडे लक्ष ठेवायचं ते व्ह्यूफाइंडरच्या तळाशी दिसणाऱ्या आकड्यावरून. ५५ वर हातात धरून १/१०० सेकंदापेक्षा हळू गेलात तर हात हलल्याचं दिसू शकतं. लेन्समध्ये हलणं सावरणारी यंत्रणा असेल तर याहून खाली जाता येतं, पण ती तुमचा हात सावरते. समोरचा माणूस हलला तर तिचा काही उपयोग नाही. चालणाऱ्या वारकऱ्याला १/२५०, फुगडीला १/५००, रिंगणात धावणाऱ्या अश्वाला १/१००० किंवा त्याहून जलद. आणि कधी मुद्दाम १/३० वर यावं: टाळकऱ्याचा चेहरा स्थिर आणि टाळ धरलेले हात धूसर, असा एखादा फोटो मिळाला तर त्यात आवाज ऐकू येतो. दहातला एकच जमतो. मी तरी तेवढ्यासाठी नऊ आनंदानं पुसतो.

उजेड कमी पडला की आयएसओ वाढवायचा. त्यानं फोटो दाणेदार होतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. दाणे मुख्यतः उजेडाच्या टंचाईतून येतात. अंगणातल्या फरशांवर पावसाची पहिली सर पडते तेव्हा काही फरशांवर पाच थेंब, शेजारच्यांवर दोनच, असं ठिपक्याठिपक्याचं दिसतं. धो धो पडला की सगळ्या सारख्या भिजतात. सेन्सरवर उजेड असाच थेंबाथेंबानं पडतो. आयएसओ फक्त जमलेलं पाणी मोठं करून दाखवतो, विषमतेसकट. म्हणून आयएसओच्या भीतीनं १/१० वर हललेला फोटो काढण्यापेक्षा ३२०० वर जाऊन १/६० मिळवावा. दाणेदार पण स्पष्ट फोटो छापून भिंतीवर लावता येतो. हललेल्याचं काहीच करता येत नाही.

गणपतीच्या आरतीला भाचीनं हेच केलं: लेन्स १८ वर, ३.५ उघडी, आयएसओ ३२००, फ्लॅश बंद. आणि कॉम्पेन्सेशन उणे १, कारण खोलीतल्या अंधाराला मीटर उजळून टाकणार होतं. निरांजनाची ज्योत ज्योतीसारखी आली, आरतीच्या तबकामागे आईचा चेहरा सोनेरी. फ्लॅश उघडा राहिला असता तर तिच्या मागच्या भिंतीवर काळी सावली आणि मूर्तीवर पांढरा डाग एवढंच मिळालं असतं.

फोकसबद्दल एक आग्रहाची सूचना. कॅमेऱ्याला सगळे फोकस बिंदू मोकळे सोडले तर तो बहुधा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, म्हणजे डोळ्यांऐवजी हातातली वीणा. एकच बिंदू निवडा, मधला. कॅननच्या या मॉडेलमध्ये ९ आणि निकॉनमध्ये ११ बिंदू असले तरी आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा बिंदू मधलाच आहे, त्यामुळे अंधारात तोच भरवशाचा. तो जवळच्या डोळ्यावर ठेवायचा, शटर अर्धं दाबायचं, फ्रेम किंचित सरकवायची, मग पूर्ण दाबायचं. मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढायची मोबाइलची सवय इथं सोडावी. स्क्रीन चालू असताना आरसा वर जातो, आरशाखालचा जलद फोकस सेन्सर आंधळा होतो आणि कॅमेरा चाचपडत बसतो. व्ह्यूफाइंडरमधले आकडेच पुसट दिसत असतील तर शेजारचं बारीक चाक फिरवून ते तुमच्या नजरेला जुळवून घ्या. चष्मेवाल्यांना हे चाक कुणी दाखवलेलंच नसतं.

आता या सगळ्याहून जास्त फरक पाडणारी गोष्ट, आणि तिला कॅमेऱ्यावर बटण नाही. दुपारी तीन-चारच्या सुमाराला घरातल्या ट्यूबलाइट बंद करा. आईला किंवा आजीला खिडकीशेजारी बसवा, थेट ऊन येत नसेल अशा, खिडकीकडे तोंड नाही तर खांदा करून. तांदूळ निवडायला द्या, म्हणजे हात आणि नजर कामात राहतात. चेहऱ्याची एक बाजू उजळेल, दुसरी हळूहळू सावलीत जाईल, आणि सुरकुत्यांना खोली येईल. सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर पांढरं धोतर किंवा चादर टाका. खिडकीचा उजेड त्यावरून परत येतो. मग तिला फूटभर खिडकीपासून लांब सरकवा आणि पुन्हा काढा. आणखी फूटभर. तीन फोटो शेजारी ठेवून पाहिले की उजेड किती झपाट्यानं उतरतो ते दिसतं. जुन्या वाड्यातली ओसरी हाती असेल तर तिच्यासारखा स्टुडिओ नाही: वर छप्पर, समोर उघडं आकाश, दिवसभर मऊ उजेड.

हे महिनाभर केल्यावरच लेन्सचा विचार करावा. तेव्हा ५० मिलिमीटर, एफ १.८ घ्या. ५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते, आणि कॅननच्या लेन्समध्ये ती स्वस्तातली आहे. निकॉन डी ३५०० वाल्यांनी ३५ मिलिमीटरची घ्यावी. घरातल्या खोल्यांत ती जास्त सोयीची पडते. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, साठवले तर चुकलेला उजेड आणि पिवळा रंग नंतर बराच दुरुस्त होतो, एवढं सध्या पुरे.

पावसाळ्यात मात्र लेन्स कपाटात कपड्यांमध्ये ठेवू नका. कोकणात आणि मुंबईत काचेवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर आठवड्याला उजेडात दहा मिनिटं.

आरतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाची अंगणात धावणाऱ्या पोराचे फोटो काढत होती. पहिले वीस फोटो पांढरेफटक. रात्रीचं ३२०० तसंच राहिलं होतं. उन्हात भोक उघडं असताना तेवढ्या आयएसओला जो वेग लागतो तो या कॅमेऱ्यात नाही. त्याचं शटर १/४००० च्या पुढे जात नाही. कॉम्पेन्सेशनही कॅमेरा बंद केल्यावर आपोआप शून्यावर येईल असं धरू नये. तेव्हापासून लेन्सवर झाकण लावण्याआधी ती आयएसओ १०० वर आणते, अधिक-उणे शून्यावर आणते, एकदा व्ह्यूफाइंडरमधून बघून खात्री करते, आणि मगच बॅटरी काढून चार्जिंगला लावते.