‘लॉग’ संज्ञेचे दोन अर्थ : डेटाबेस सर्व्हरवरील नोंदींची व्यवस्था

एकाच शब्दाने दोन भिन्न वस्तूंचा बोध होऊ लागला म्हणजे विचारात घोटाळा होतो, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकास परिचित आहे. परंतु अशा संदिग्धतेमुळे संचित माहितीच नष्ट व्हावी, असे उदाहरण विरळा. ते पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरच्या परिभाषेत आढळते. ‘लॉग’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ओंडका. जहाजाचा वेग मोजण्याकरिता नाविक दोरीस बांधलेला लाकडी तुकडा पाण्यात सोडीत. त्याची मोजमापे जीत लिहीत ती वही ‘लॉगबुक’ ठरली. पुढे ‘नोंद’ या व्यापक अर्थाने हा शब्द संगणकात आला.

पोस्टग्रेसमध्ये त्याचे दोन अर्थ झाले. पहिला अर्थ, सर्व्हरचे निवेदन : जोडणी कोणी केली, चूक कोठे झाली, कोणत्या क्वेरीस विलंब लागला. हा मजकूर माणसाने वाचावयाचा असतो. तो नष्ट झाल्यास घडल्या गोष्टींचा वृत्तान्त जातो. कोष्टकांतील माहितीस धक्का लागत नाही. दुसरा अर्थ, पूर्वलेखन. ही पद्धती 2001 साली 7.1 या आवृत्तीत आली. आपल्या हिशेबपद्धतीत व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो व तेथून खतावणीत जातो. त्याचप्रमाणे येथे प्रत्येक बदल प्रथम पूर्वलेखनात पक्का होतो आणि कोष्टकांच्या फाइलींत मागाहून उतरतो. मध्येच वीज गेल्यास कोष्टके याच लेखनावरून पूर्ववत केली जातात. म्हणजे हा वृत्तान्त नव्हे, माहितीचाच भाग होय.

9.6 पर्यंतच्या आवृत्त्यांत पहिल्याचे फोल्डर ‘पीजी_लॉग’ व दुसऱ्याचे ‘पीजी_एक्सलॉग’ या नावाचे असे. डिस्क भरत आली म्हणजे ‘जुने लॉग’ समजून दुसऱ्यातील फाइली पुसल्या जात आणि त्यानंतर सर्व्हर सुरू होत नसे. 2017 च्या दहाव्या आवृत्तीत या फोल्डरला ‘पीजी_वॉल’ हे नाव देण्यात आले. त्याच कारणास्तव ‘पीजी_क्लॉग’चे ‘पीजी_एक्सॅक्ट’ झाले. केवळ नाव बदलून अनर्थ टाळण्याचा हा प्रयत्न होता.

फाइलींची आवर्तने करावयाची ती पहिल्या प्रकारच्याच. सर्व्हरचा नोंद-संग्राहक चालू असल्यास मूळ मांडणीनुसार 24 तासांनी किंवा 10 मेगाबाइट भरताच नवी फाइल उघडली जाते. तथापि जुन्या फाइली तो आपण होऊन काढीत नाही. फाइलीच्या नावात केवळ वाराचे नाव योजून, आवर्तनाच्या वेळी जुना मजकूर पुसण्याची सूचना दिल्यास सातच फाइली राहतात. सोमवारची फाइल पुढील सोमवारी नव्याने लिहिली जाते. मात्र हे पुसणे कालावधीनुसार होणाऱ्या आवर्तनातच घडते, आकारमानानुसार होणाऱ्या आवर्तनात नाही. बाहेरील साधनाने फाइलीचे नाव बदलल्यास आणखी एक अडचण येते. सर्व्हरने ती फाइल उघडी धरलेली असल्याने तो तीतच लिहीत राहतो. ती पुसली तरी, फाइल मिटेपर्यंत, डिस्कवरील जागा मोकळी होत नाही. म्हणून नवी फाइल उघडण्याची सूचना सर्व्हरलाच द्यावी लागते. 2019 च्या बाराव्या आवृत्तीपासून ‘पीजी_सीटीएल’ या आज्ञेत ती सोय आहे.

पूर्वलेखनाच्या फाइली मूळ मांडणीत प्रत्येकी 16 मेगाबाइटच्या असतात. त्यांस हाताने स्पर्श करू नये. ठरावीक टप्प्यावर कोष्टके अद्ययावत झाली की अनावश्यक फाइली सर्व्हर स्वतःच पुन्हा वापरतो किंवा काढून टाकतो. त्या साचत चालल्या तर कारण अन्यत्र शोधावे : त्यांच्या प्रती संग्रहात पाठविण्याचे काम अडलेले असते, अथवा बंद पडलेल्या दुय्यम सर्व्हरचा ‘रेप्लिकेशन स्लॉट’ तसाच राहिलेला असतो. अशा स्लॉटसाठी राखून ठेवावयाच्या लेखनास मर्यादा घालण्याची सोय 2020 च्या तेराव्या आवृत्तीत झाली. पण ती मर्यादा व्यवस्थापकाने स्वतः ठरवावी लागते. डिस्क पूर्ण भरल्यास सर्व्हर बंद पडतो. त्या वेळीही उपाय जागा वाढविणे व मूळ कारण दूर करणे हाच होय.

सारांश, कोणतीही नोंद पुसण्यापूर्वी ती घडलेल्या गोष्टी सांगते की कोष्टके पुन्हा उभी करते, एवढे निश्चित करावे. फोल्डरचे नाव बदलले असले तरी हा विवेक व्यवस्थापकालाच करावा लागतो.